दोन कड्यांमधलं पाणी

म्लीहाच्या माळावर, कुंपणाबाहेर,
मी लोखंडी कडं जमिनीत ठोकतो.
वर फळी, फळीवर घण.
मोतालेब फळी धरतो आणि तोंड फिरवून घेतो,
दर घावाला.

मोठ्या कड्याच्या पोटात लहान कडं.
दोन्हींत पाणी भरायचं.
बाहेरचं नुसतं राखणीला,
आतल्यानं बाजूला पाय फोडू नयेत,
सरळ खाली जावं म्हणून.
मोजायचं ते आतलं.

घड्याळ लावलं.
पाणी बसून राहिलं.
उंटांनी तुडवून, पिकअपच्या चाकांनी चोपून
इथल्या गाळाचा पापुद्रा झालाय, भाकरीचा करपून होतो तसा.
पाण्यात माझं तोंड, टोपीसकट.
वीस मिनिटं तेच तोंड.
वहीत लिहिलं: अकरा मिलिमीटर.
मग कडं उपसून खणून पाहिलं,
ओल चार बोटं. खाली कोरडं ठाक.

माझे वडील मिरजेला भूजल खात्यात होते.
लोकांच्या विहिरीत टेप सोडायचे
आणि टेप पाण्याला टेकल्याचा आवाज
कान वाकडा करून ऐकायचे.
तो आवाज दरसाल उशिरा यायचा, एवढंच म्हणायचे.
घरी त्यावर कुणी काही बोलत नसे.

कुंपणाच्या आत घाफ.
चौदा वर्षांपूर्वी लावलेले, आता दोन पुरुष उंच.
मी हुमैदना म्हटलं, हीच आमच्याकडची शमी,
एका गोष्टीत हिच्या फांद्यांत शस्त्रं लपवली होती.
ते म्हणाले, शस्त्रं?
आम्ही दुष्काळात हिचा पाला शिजवून खाल्लाय.
मग मी गोष्ट पुढं सांगितली नाही.

झाडाखाली पुन्हा कडं, फळी, घण.
इथं घण जपून मारावा लागला,
पाल्याच्या थराखाली माती पोकळ.
पाणी ओतलं
आणि ते मातीवर पाऱ्यासारखं गोळा झालं.
टरफलांवर, वाळक्या पानांवर थेंब थेंब,
आत शिरायचं नावच नाही.
मोतालेब माझ्याकडं बघू लागला.
मी वहीकडं.
चौदा वर्षं, मनात आलं, आणि हे.

माती अशी रुसते कधीकधी, मेणचट पाल्याखाली.
पुस्तकात वाचलं होतं; पुस्तकात ते इतका वेळ टिकलं नव्हतं.

नवव्या मिनिटाला एक बुडबुडा.
मग मुंग्यांच्या बिळातून दुसरा,
मग एखाद्या मेलेल्या मुळाच्या नळीतून
जमिनीनं श्वास सोडला, चक्क ऐकू आला,
आणि पाणी निघालं.
माझं तोंड खाली खाली गेलं
आणि टोपीसकट दिसेनासं झालं.
मोतालेब कॅन रिकामे करत राहिला, एक, दोन, चौथा.
आणखी? आणखी.

हुमैद म्हणाले, जातं कुठं?
मी म्हटलं, थोडं झाडच पितं, थोडं खाली.
आणि विहीर?
विहिरीत अजून काही फरक नाही, मी म्हटलं,
कारण खरंच नाही.
सहा विहिरींत दर महिन्याला टेप सोडतो,
कान वाकडा करून.
ते हसले नाहीत. म्हणाले, माझ्या आजोबांचा फलज
आटायला तीस वर्षं लागली होती.
मग उठून एका फांदीवरची पिशवी काढायला गेले,
वाऱ्यानं अडकलेली.

झाडाखाली खणलं.
हात घातला मनगटापर्यंत, ओल.
कोपरापर्यंत, ओल,
थंड, मुळांचे केस बोटांना लागताहेत.
अजून खाली कुठं संपते ते सापडेना,
हात संपला.

तेवढ्यात टँकरवाला गुलबाज हॉर्न देतो.
काल समुद्रात असलेलं पाणी घेऊन आलाय तो,
मीठ काढलेलं, हजार गॅलन, नव्या रोपांसाठी.
पावतीवर सही हवी, लवकर, त्याला धैदला जायचंय.

मी तशीच सही केली, मातीच्या हातानं.
शाई पसरली.
नाव वाचता येईना.
गुलबाज म्हणाला, चालेल, पाणी तर उतरलं ना.