एक तास अकरा मिनिटांवर

परवाचा सिनेमा ठीक होता.
म्हणजे पहिला अर्धा तास ठीक.
नायक चाळिसाव्या मजल्यावरून उडी मारतो,
हार्नेस नाही, दोरी नाही,
खाली शिट्टी घेऊन कुणी उभा नाही.
मी परांच्या तपासणारा माणूस,
माझं लक्ष उडीकडे जातच नाही.
मी बघत बसलो मागचे क्लॅम्प.
दोन सैल होते.
माझ्या हातात असतं तर लाल टॅग लावून
सिनेमा तिथेच बंद केला असता.

मुसफ्फाच्या कॅम्पात आमची खोली,
सहा खाटा आणि एक टीव्ही,
दिलावर परकारने बंद पडलेल्या हॉटेलातून
दोनशे दिरहमला उचललेला,
डाव्या कोपऱ्यात हिरवट डाग.
त्यामुळे आमच्याकडे खलनायक
डावीकडून आला की आजारी दिसतो
आणि त्याची थोडी कीवच येते.

मालिकेचं विचाराल तर,
ती आठ भागांची, गुप्तहेर बाईची,
पहिले तीन भाग झकास.
चौथ्यात तिला भूतकाळ आठवायला लागला
आणि तमांग घोरायला.
पाचवा-सहावा दिलावरने एकट्याने पाहिला,
रात्रपाळीनंतर, कानात बोंडं घालून,
आणि आम्हाला जेवताना सांगितला.
त्याच्या तोंडून ती बाई
हर्णैच्या बंदरावर वाढली होती,
माशाच्या डोळ्यावरून दिवस ओळखायची,
माणसाच्याही.
मग सातवा आम्ही स्वतः पाहिला
आणि फसलो.

स्फोटांबद्दल सोपान कुदळेचं मत पक्कं.
तो सहा वर्षं रुवैसला होता, गॅसवर.
‘स्फोटाकडे पाठ करून सावकाश चालतात
ते सगळे खोटे,’ म्हणतो.
‘खरा माणूस आधी वर बघतो,
वाऱ्याची पिशवी कुठे फुगलीय,
मग आडवा पळतो.’
पुढचं तो सांगत नाही.
स्फोट जवळ आला की चहा टाकायला उठतो.
एका सिनेमात एकोणीस स्फोट होते.
त्या रात्री आम्ही फार चहा प्यायलो.

काल मात्र पाठलाग चालू असताना
बिबिन खाटेवरून ओरडला,
थांबव, थांबव, मागे घे!
एक तास अकरा मिनिटं.
पिवळी गाडी, हा आपलाच रस्ता,
आणि कडेला उभी पांढरी बस,
तिसऱ्या खिडकीला पडदा म्हणून
निळ्या चौकटींचा टॉवेल.

फेब्रुवारीत दीड तास अडवलं होतं आम्हाला.
कुणी म्हणालं अपघात, कुणी म्हणालं साहेब जाणार.
दीड तासाचे पैसे कापले गेले.
तर हे होतं होय!

पुढच्याच क्षणी बस उलटते, तीनदा.
ती अर्थात आमची नव्हे,
आमची कामावर पोचली, उशिरा का होईना.
नायक आरशात बघून एक विनोद करतो.
विनोद बरा होता, मी हसलो,
मग बाकीचे हसले नाहीत हे लक्षात आलं.
‘म्हणजे मी गेलो की काय?’ दिलावर म्हणाला.

शेवटपर्यंत बघितला, बसचं काय झालं म्हणून.
शहर वाचलं, पैसे सापडले,
ती दोघं बोटीतून कुठंतरी गेली.
‘दुसऱ्या भागात सांगतील,’ तमांग म्हणाला,
जो या वेळी जागा होता.
पाचपैकी साडेतीन.
त्यातला अर्धा टॉवेलला.

रात्री दिलावरने दापोलीला फोन लावला.
शमशाद, एक तास अकरावर थांबव,
तिसरी खिडकी, डावीकडून,
आमच्याकडे तिथे नेमका डाग येतो,
तुला चेहरा दिसतो का सांग.
बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.
मग ती म्हणाली,
टॉवेल दिसला.
धुवायला झालाय.