पायाखालची वाट

पंधरा युरो तिकीट, त्यात शेवटी गरम चहा.
टॉर्च बंद, फोन खिशात, फळ्यांवरून एकामागे एक.
एस्टोनियातल्या या दलदलीत
दर पौर्णिमेला मी हेच सांगते, याच क्रमाने,
आणि दर पौर्णिमेला कुणीतरी फोन काढतंच.

आज अकरा जण. बारावा हेल्दुर,
त्रीनूचा आजोबा. तिकीट तिनेच काढलेलं, वाढदिवसाचं.
वय चौऱ्याऐंशी. काठी आहे, पण काखेत.

हा पाइन बघा, दीडशे वर्षांचा,
माझ्या कमरेएवढाच.
दलदल कुणाला वाढू देत नाही, मरूही देत नाही.
लोक हसले. हसतातच तिथे.

मग डोहांपाशी थांबवलं सगळ्यांना.
सप्टेंबरचं टिपूर चांदणं,
शेवाळावर गुडघाभर धुकं,
लांब कुठेतरी क्रौंच झोपेत कुरकुरले.
कुणी म्हणालं, दिवसच उजाडलाय जणू.

"म्हणूनच," हेल्दुर म्हणाला,
"पौर्णिमेला आम्ही येत नसू."

मग थोडं थोडं, नातीकडे न बघता.
मामा लपला होता, त्या पलीकडच्या उंचवट्यावर.
आई फडक्यात पाव बांधायची
आणि आधी खिडकीतून आभाळ बघायची.
चंद्र असला की पाव परत फडताळात.
आठ वर्षांच्या पोराचीही सावली
उघड्यावर मैलभर दिसते, म्हणायची.
अवसेच्या आसपास जायचं.
फळ्या कुठल्या तेव्हा!
शेवाळ दाबलं की कसं उसासतं
त्यावरून कळायचं पुढचं पाऊल.

"आणि मामा?" त्रीनूने विचारलं.

"त्या ऑक्टोबरात
आभाळ आठ रात्री निरभ्र राहिलं."

यानंतर मी कीटक खाणाऱ्या दवबिंदूंबद्दल बोलते,
शेवाळ किती पाणी धरतं त्याबद्दल.
विसरले.
हेल्दुर मान वळवून वळवून बघत होता,
डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे,
नव्या घरात आल्यासारखा.
"एवढं मोठं आहे होय हे," म्हणाला,
"मला वाटायचं, पायाएवढंच असेल."

परतताना तो मध्येच थांबला,
एक बूट फळीबाहेर टेकवला,
हलकेच भार दिला, कान दिला.
शेवाळ उसासलं.

फळी सोडू नका, असं मी ओरडते एरवी.

गाडीतळावर मोजले. बारा.
चहात मी साखर दोनदा घातली होती.
कुणी काही बोललं नाही.