पाच सेंटिमीटर

ट्रकला शंभर, रिक्षाला तीस,
स्कूटरच्या मागल्या चाकाला पंचवीस,
बोटानं दाबून सांगतो मी, गेज न लावता.
बावीस वर्षं सातारा रोडला,
कात्रजच्या अलीकडे, हवा विकतोय.
सोमवार पेठेत, तिसऱ्या मजल्यावर
सिस्टर सुवार्ता म्हणाल्या, हिला पाच.
पाच काय?
पाण्याचे सेंटिमीटर.
मी हात खिशात घातले.
एवढ्याशा हवेचं गिऱ्हाईक
माझ्याकडे कधी आलंच नव्हतं.

एकोणतिसावा आठवडा. अकराशे दहा ग्रॅम.
पायाला पट्टी : नसीमाचं बाळ.
श्वास घेताना फासळ्यांखालची कातडी
आत जायची, पार आत,
आणि सोडताना एक बारीक कण्हणं,
गंजलेलं शटर
कुणी एकट्यानं उचलतंय तसं.

डॉक्टर ओसवालबाईंनी केसपेपरच्या पाठीवर
द्राक्षाचा घड काढला. प्रत्येक मणी पोकळ, आतून ओला.
पाणी पाण्याला ओढतं, म्हणाल्या,
श्वास बाहेर पडला की मणी मिटतात,
भिंतीला भिंत चिकटते,
मग दर वेळी पहिल्या श्वासाइतकाच जोर.
दिवस भरलेल्या पोरांच्या छातीत
या पाण्यावर एक साय असते, पातळ.
तिच्यात बी आणि सी नावाची दोन प्रोटीनं,
नखभरही नाहीत मोजायला गेलं तर,
पण साय पसरवतात तीच,
श्वास सोडताना तिला घडी पडली
की पुढच्या श्वासाला उलगडून जागेवर आणतात.
हिची साय धरायच्या आधीच ही निघाली.

शंखजिरं, मी म्हणालो.
काय?
नवी ट्यूब टायरात घालताना पावडर मारतो आम्ही.
नाहीतर रबराला रबर चिकटतं,
घडी पडते, आणि फुटते ती घडीवरच.
मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत.
पेन खाली ठेवून म्हणाल्या,
ही पावडर ओली आहे, एवढंच.

मग म्हणाल्या,
औषध जनावराच्या फुफ्फुसातून काढतात.
कुठल्या, ते बाटलीवर लिहिलंय.
विचारायचं असेल तर आत्ता विचारा.
मागे मेहुणा उभा होता,
त्याचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.
मी विचारलं,
नीट धावायचं ना ते?
आणि सही केली. दस्तगीर इस्माईल तांबोळी.
त च्या पोटात वंगणाचा डाग पडला.

अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त,
दुधासारखं,
नळीतून आत गेलं. मी काचेबाहेर.

नळी काढली. नाकात दोन इवल्या तोट्या बसवल्या,
दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात.
तीनच्या सुमाराला पाहिलं तर
बाटलीत बुडबुडे.
माझ्या दुकानात पाण्याची टोपली आहे,
तिच्यात बुडबुडा म्हणजे भोक.
काचेवर थापा मारल्या मी,
सिस्टर, गळतंय! सिस्टर!
त्या चपला न वाजवता आल्या.
गळत नाही, दादा. असेच यायला हवेत.
थांबले तर हाक मारा.

मग बसलो.
जन्मभर बुडबुडा शोधून
त्याच्यावर अंगठा दाबणारा मी,
उजाडेपर्यंत
त्यांनी थांबू नये म्हणून
मांडीवर मुठी आवळून.

ऑक्सिजन साठावर होता, पस्तिसावर आणला.
कातडी अजून आत जाते, पण कमी.
कण्हणं कधी थांबलं ते कळलं नाही.
तिची स्वतःची साय धरायला दोन दिवस, कदाचित तीन,
कदाचित अजून एक डोस, सिस्टर म्हणाल्या,
कदाचित हा शब्द त्या पाण्यासारखा वापरतात.

खाली वॉर्डात नसीमाला उठता येत नाही, टाके ओले.
कुणावर गेलीय, विचारलं तिनं.
चेहरा नीट पाहिलाच नव्हता मी.
म्हटलं,
हवा धरतेय.