पेवात कंदील

हरिपुरात पेव उघडलं की
लगेच कुणी आत उतरत नसे.
तोंडावरची माती, कडबा, दगडी झाकण बाजूला सारून
दोन-तीन तास नुसतं बसून राहायचं.
अण्णा तंबाखू मळत, मी आणि अक्का कडेला.
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला तर वर ओढायचा, पुन्हा थांबायचं.
जळत राहिला, तरच माणूस.

एवढं शिकून कुमुदअक्का जर्मनीला गेली.

एकतीस वर्षं ती तिथल्या छावण्यांचे कागद उलटत होती.
मी सांगलीच्या बाजारात पोती मोजत होतो.
बहीण काय करते, लोक विचारत.
इतिहासाची मास्तरीण, मी सांगायचो.
कुठला इतिहास, ते सांगायला गेलो
की समोरचा चहा मागवायचा.

तिची पत्रं छोटी.
"या आठवड्यात एका बराकीतल्या चमच्यांची यादी केली.
एकशे बारा. चौदांवर नावं कोरलेली.
एका नावातलं तिसरं अक्षर लागत नाही."
दोन महिन्यांनी वहिनीच्या गुडघ्याची चौकशी,
कृष्णेला पाणी किती,
आणि अगदी खाली, तिरकं : "तिसरं अक्षर लागलं."

त्या खोलीबद्दल तिनं एकदाच लिहिलं.
"दार आतल्या बाजूनं पाहिलं.
अण्णा आठवले.
हवा माणूस मारते, हे आपल्या गावाला माहीत होतं,
म्हणून आपण कंदील सोडायचो.
यांनाही माहीत होतं."
पुढचा कागद कोरा.
तरी तिनं तो घडी घालून पाठवला होता.

पाचच्या पुरात पेवं गेली.
हळद कुजल्याचा वास दिवाळीपर्यंत होता.
अक्का निवृत्त होऊन आली तेव्हा
आमच्या पेवावर पोराच्या मोटारसायकली उभ्या.
ती काही बोलली नाही. पायानं फरशी चाचपली.
शाळेनं सत्कार केला, नारळ, शाल,
एकानं उठून विचारलं, बाई, आपला काय संबंध त्याच्याशी?
ती म्हणाली, बघते.

आणि बघायला लागली.
ग्रामपंचायतीत जाऊन मृत्यूची रजिस्टरं काढवली.
दुष्काळानंतरच्या वर्षी
आमच्या पेवात एक हमाल गेला होता ना?
त्याचं नाव काय?
पान वाळवीनं खाल्लेलं. कारण शिल्लक : ताप.
म्हाताऱ्या माणसांना विचारून आली.
होता एक, म्हणतात. पलीकडच्या वस्तीतला.

ती त्या दिवशी सांगलीला शाळेत होती.
मी नव्हतो.
रस्त्यात ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न देतोय,
अण्णा म्हणाले, राहू दे रे आज.
कंदील माझ्या हातात होता.
काच पुसलेली. वात कोरडी.

काल रात्री लाईट गेले.
ती अंगणात बसली होती, वही मांडीवर, बॅटरी लावून.
मी शेजारी जाऊन बसलो.
तिनं काही विचारलं नाही.
तोंड उघडलेल्या पेवाशी बसतात तशी
बसून राहिली, बराच वेळ.

मी म्हणालो, धोंडू.
धोंडू ऐवळे.

तिनं लिहून घेतलं.
मान वर न करता विचारलं, "वय?"