बोरा सुटल्यावर

बोरा सुटला की आधी दळण बदलायचं.
कुठल्या पाटीवर हे लिहिलेलं नाही.
त्रिएस्तेत वारा डोंगरावरून उतरतो,
चौकातल्या खुर्च्या समुद्राकडे ढकलत नेतो,
हवा सुकते, दाणे सुकतात,
आणि कालच्याच दळणातून पाणी
आज भसकन निघून जातं, कुणाची ओळख न ठेवता.

साडेसहाला ओंदिना पहिले तीन कप मोरीत ओतते.
मालक म्हणतो, पैसे ओततेस.
ती चाक अर्धा दात सरकवते, पुन्हा बघते:
धार उंदराच्या शेपटीएवढी बारीक
आणि तशीच जराशी वाकडी.

मग लोक येतात,
प्रत्येक जण दोन शब्द टाकून मोकळा होतो.
‘कापो इन बी’ : ग्लासात, कपात नाही, दूध बेताचं.
‘गोच्चा’ : काळ्याच्या मधोमध फेसाचा ठिपका,
तीट लावावी तसा, फक्त पांढरा.
‘तान्तो’ म्हटलं की फेस जास्त.
किती जास्त, ते म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं.
क्रेनवरचा झ्दावको बोलतच नाही;
टोपी काढली तर एक, नाही काढली तर दोन.
वकीलीणबाईंना ग्लास थंडगार हवा, कॉफी उकळती,
तडकला तर चूक ओंदिनाची.
ओट्सचं दूध वाफेत रुसतं,
कधी थांबायचं ते तळहाताला कळतं,
थर्मामीटर मागाहून कबूल करतो.
आणि लिहून घ्यायची सोय नाही.
बावीस वर्षं येतोय, लिहून काय घेतेस?

सिन्योर कोसुता.
नोव्हेंबरात त्यांच्या बायकोचा फोन आला, आवाज दाबून:
डॉक्टरांनी बंद केलीय. त्यांना सांगू नकोस,
बिनकॅफीनची देत जा.
तेव्हापासून एक छोटी दळणी
मोठीच्या आडोशाला.
ते दाणे ठिसूळ, धार पळते,
चव भिजल्या पुठ्ठ्याची.
महिनाभर ओंदिना रात्री कुलूप लावून तेवढंच करत बसली:
एक ग्रॅम जास्त, पाणी किंचित निवलेलं.
दळताना मोठी दळणीही रिकामी फिरवायची,
आवाजातला फरक कानावर पडू नये म्हणून.

आज दार दोन्ही हातांनी ओढावं लागतंय.
कोसुता मफलर न सोडताच प्यायले,
तळाचा फेस चमच्याने खरवडला,
नाणी एकावर एक रचली.
दारापाशी वळून म्हणाले,
“नोव्हेंबरात फार वाईट होती हं.
आता जमायला लागलीय तुला.
घरी बोलू नकोस.”

तिने मान हलवली की नाही, तिलाच आठवत नाही.
काउंटरवर तिघे एकदम बोलत होते,
मागून कुणीतरी ‘तान्तो’ म्हणालं,
आणि चेहरा दिसला नव्हता.