आढळले नाही

सुभान तडवी टाकीत ओततो
चमचाभर निळसर पाणी.
चमचाभरच.
याच टाकीला पूर्वी अर्धं बुधलं लागायचं.
कंपनीचा पोऱ्या सांगून गेलाय :
दहावा हिस्सा औषध, करपा तेवढाच आटोक्यात.
आणि ते खोटं नाही.
पानावरचे ठिपके मीच मोजलेत, ओळीनं,
चिकानं बाह्या काळ्या होईपर्यंत.

विवऱ्याच्या शिवारात ही कांदेबाग.
वर धुरकट सातपुडा.
माझ्याकडे तक्ता, लोखंडी चौकट,
आणि मोहरी कालवलेल्या पाण्याची किटली.

"म्याडम, केवढाक असीन तो कण?"

केसाची जाडी घे, म्हटलं,
तिचे हजार भाग कर.

त्यानं डोक्यातला एक पांढरा उपटला,
उन्हासमोर धरला,
एक डोळा मिटून बराच वेळ पाहिला.
मग तोंडावरची लेकीची जुनी ओढणी
बोटांनी चाचपली.
"मंग या फडक्यानं काय अडीन?"

मी चौकट मांडत होते. मांडत राहिले.

"जुन्या औषधाले वास तरी होता.
कुत्रं बांधाच्या पल्याड जाऊन बसे.
हे मुकं आहे."
आणि जरा थांबून,
"तांबंच आहे ना पण?
तांब्यातलं पाणी तं चांगलं म्हणतात."

तांबंच आहे, सुभानभाऊ.
पण इतकं बारीक झालं की
त्याचा स्वभाव पालटतो,
कुठे शिरेल, कुठे थांबेल,
अजून कुणी नीट सांगत नाही.

तो हसला. "माणसाचं उलटं.
मोठं झालं का पालटते."

मोहरीचं पाणी मातीत मुरलं.
झोंबलं की गांडुळं वर येतात,
घाईनं, ओली, गुलाबी,
घरात धूर भरल्यावर माणसं निघावीत तशी.
बिनफवारणीच्या ओळीत अकरा.
फवारलेल्या ओळीत नऊ.
दोनाच्या फरकाला फरक म्हणत नाहीत,
हे मी शिकले आहे, परीक्षेत लिहिलंही आहे.
तरी ती दोन
दुपारभर माझ्या मागे मागे.
कळण्याची भाकरी खाताना,
सुभाननं ठेचा पुढे केला तेव्हा,
तक्त्यावर तारीख घालताना.

जिथे तो पंप खंगाळतो
त्या नाल्याचं पाणी महिन्यामागे पाठवलं होतं.
आज कागद आला.
शिक्का, सही, खाली दोन शब्द :
आढळले नाही.

यंत्राचीही एक नजर असते.
ती जिथे संपते
तिथून पुढचं सगळं
याच दोन शब्दांत मावतं.

नाल्यात धोबी पक्षी शेपूट हलवत होता,
चोच बुडवत होता.
त्याच्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

"काय आलं?" सुभाननं विचारलं.
आढळलं नाही.
"म्हंजे नही?"

मी गांडुळं साध्या पाण्यात धुतली,
एकेक करून मातीवर सोडली.
दोन्ही ओळींची, आपापल्या ओळीत.
बाटल्या विसळल्या, किटली विसळली.
विसळलेलं पाणी तसंच हातात.

बांधाकडे पाहिलं.
नाल्याकडे पाहिलं.
सुभान माझ्याकडे पाहत होता,
ओढणी गळ्यात, केस अजून चिमटीत.
कुठे ओतू,
हे मी त्यालाच विचारलं.