दोन आकड्यांचा चौकोन

फॉर्ममध्ये एक चौकोन आहे,
दोन आकडे मावतील एवढा.
त्यात लिहायचं, आम्स्टरडॅममध्ये किती दिवस.

अठरा वर्षं हे मीच विचारत आले,
वेंगुर्ल्याच्या या दोन खोल्यांच्या दारात, चावी हातात धरून.
लोक सांगतात, एकच रात्र,
उद्या गोव्याला निघायचंय,
इथे तसं बघण्यासारखं काय आहे?
मी वहीत एक लिहिते
आणि तांब्या भरून आत नेते.

शेर्लेकर मास्तर सात देश नऊ दिवसांत करून आले.
म्हणाले, "दोन दिस पुरे गे. कालवे, सायकली, एक पवनचक्की.
तिसऱ्या दिसाक काय बघतलस?"
तिकिटं काढणारा सावंतवाडीचा सावियो म्हणतो, साडेतीन.
अर्धा दिवस कुठला, सकाळचा की संध्याकाळचा,
ते त्याला सांगता येईना.

योस्त आला होता तो एका दुपारपुरता.
त्याच्या लोकांची पडकी वखार बघायची,
फोटो काढायचे, निघायचं.
रिक्षा बाहेर चालूच होती.
वखारीतच त्याला हुडहुडी भरली
आणि मग अकरा दिवस तो माझ्या मागच्या खोलीत.
पेज, भाजलेला सुका बांगडा, डॉक्टरांच्या पांढऱ्या गोळ्या.
चौथ्या दिवशी उठून बसला.
कॅमेऱ्याची बॅटरी कधीतरी संपली ती त्याने भरली नाही.
कुबलांच्या जयवंतीने बाजारात त्याला
सौंदाळे आमच्या भावाने दिले, तो बहुतेक सातवा.
नवव्याला आमचा कुत्रा त्याच्यावर भुंकायचा थांबला.
वखार त्याने परत पाहिलीच नाही.

आता त्याचं पत्र आलंय. या. कितीही दिवस.
पण कितीही हा आकडा नव्हे,
चौकोनात तो बसत नाही.

(त्याच्या लोकांना कुणी विचारलं होतं का,
बंदराला गलबत लागलं तेव्हा, किती दिवस म्हणून?
वखारीचा पाया खणायला घेतला, तेव्हा तरी?)

मी म्हटलं, अकरा लिहिते. फिटंफाट.
हे आडकित्त्याने सुपारी कातरत होते, हात थांबला.
"धाव्वा, अकरावा, बारावा, तेरावा,
ह्ये दिस मोजूचे ते येगळ्या कामाक.
पावण्यांचे न्हय."

मग त्यापुढचा, चौदा.
सुतक फिटून, घर धुऊन झाल्यावरचा दिवस.
आणि किनाऱ्याच्या हिशेबानेही तो बरोबर येतो,
या उधाणापासून त्या उधाणापर्यंत,
अवसेपासून पुनवेपर्यंत.
मधे भांग येतो. पाणी धड चढत नाही, धड ओसरत नाही,
होड्या वाळूवर कलंडलेल्या,
माणसं फाटकी जाळी घेऊन बसलेली, कुणाला घाई नाही.
गाव काय आहे ते मला तरी
भांगाच्याच दिवसांत कळलं, लग्न होऊन आले तेव्हा.

योस्त सांगायचा, त्याच्याकडे पाणी
दारं लावून ठेवलेलं असतं.
वर येत नाही, खाली जात नाही.
मग तिथे कशावरून ओळखायचं
की भरले आपले दिवस?
कुत्र्यावरून?

पेन्सिलने लिहिलंय सध्या.
खाली विचारलंय, येण्याचं कारण,
आणि पर्याय छापलेत: पर्यटन, व्यवसाय, नातेवाईक, उपचार.
तापात ज्याला पेज भरवली
तो यातल्या कशात मोडतो,
सावियोला विचारायला हवं.

यांनी चष्मा लावून आकडा वाचला,
मग चष्मा पुसून परत वाचला.
कागद माझ्याकडे सरकवला.
"आणि कोंबड्यांका
कोण बघतलो?"